बोलण्याआधीचा वेळ

(वाचनालयाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा शब्दांकित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते स्वतः व्यासपीठावर फारसे कधी आले नाहीत. वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे त्यांचं आयुष्य गेलं. समोर आलेल्या मुलाला ते एखादाच प्रश्न विचारत, उत्तर पुरतं ऐकून घेत आणि आत जाऊन नेमकं पुस्तक घेऊन येत. या गावातल्या कितीतरी जणांच्या वाचनाची दिशा त्या एका प्रश्नानं ठरली. त्यांच्या स्मरणार्थ बोलायचं तर विषय शोधत बसावं लागलं नाही. कमी बोलणारी, आधी मनात विचार पुरा करणारी, गर्दीतून परतल्यावर एकांत हवा असणारी जी माणसं आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत, त्या अंतर्मुख माणसांबद्दल मी आज बोलणार आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. अंतर्मुख माणसाची ताकद त्याच्या बोलण्याआधीच्या वेळात असते. त्या वेळात तो पाहतो, तोलतो, जुळवतो, खोडतो. आपल्या शाळा, मुलाखती आणि बैठका मात्र माणसाची पारख करतात ती त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडतात त्या क्षणी. जो आधी बोलला त्यालाच जास्त समजतं, असं तिथे धरून चालतात. त्यात दोघांचं नुकसान होतं. अंतर्मुख माणूस स्वतःला उणा समजायला लागतो आणि त्याने शांतपणे केलेला विचार समाजाच्या हाती लागत नाही. हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे. त्यातलं काही त्या माणसाने करायचं आहे, काही आपण सगळ्यांनी.

सुरुवात घरापासून करू. पाहुणे आले की आतल्या खोलीत निघून जाणाऱ्या मुलाला आपण काय काय म्हणतो ते आठवून पाहा. घुमा, एकलकोंडा, माणूसघाणा, शिष्ट. ‘अभ्यासात चांगला आहे, वर्गात बोलत नाही’ असा शेरा शाळेतून येतो आणि आईवडील त्यातला पहिला भाग विसरून दुसऱ्याची काळजी करत बसतात. मग वक्तृत्व स्पर्धेत नाव घाला, नाट्यशिबिराला पाठवा, व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग लावा. मुलीचं दुखणं आणखी वेगळं. लग्नाआधी ती ‘किती शांत आहे’ म्हणून तिचं कौतुक होतं, आणि सासरी गेल्यावर त्याच शांतपणाची ‘कुणात मिसळत नाही’ अशी तक्रार होते. पुढे हीच मुलं इंजिनिअर होतात, कॅम्पस प्लेसमेंटला बसतात. गटचर्चेच्या फेरीत आठदहा जण एका टेबलाभोवती बसवले जातात आणि पहिल्याच मिनिटात ज्याने तोंड उघडलं त्याच्याकडे परीक्षकांचं लक्ष जातं. नोकरी लागली तरी पिच्छा सुटत नाही. वर्षभर चोख काम केलेल्या माणसाला वार्षिक मूल्यमापनात ऐकवलं जातं, की तुम्ही जरा पुढे यायला हवं, मीटिंगमध्ये दिसायला हवं.

आपल्याकडे म्हणी दोन्ही बाजूंनी आहेत. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, असं आपण व्यवहार शिकवताना सांगतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं म्हणून आपणच बोलक्या माणसाला गप्प करतो. मला यातल्या कुठल्याच म्हणीच्या बाजूने उभं राहायचं नाही. बोलकी माणसं उथळ असतात हे खोटं आहे. ज्यांच्यामुळे घरं हसती राहतात, चळवळी उभ्या राहतात, अनोळखी गावात आपल्याला आसरा मिळतो, ती बहुतेक बोलकी माणसंच असतात. अंतर्मुखाची थोरवी सांगायला त्यांना लहान करण्याची गरज नाही.

हा स्वभाव आहे तरी काय? स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मनाच्या दोन कलांची मांडणी केली. काहींचं लक्ष आणि उत्साह बाहेरच्या माणसांकडे, घटनांकडे धाव घेतो. काहींचा आतल्या विचारांकडे, अनुभवाच्या अर्थाकडे. दोन्ही कल प्रत्येकात असतात, एक थोडा वरचढ असतो. पुढे लंडनमध्ये हान्स आयसेंक यांनी या फरकाचं मूळ शरीरात शोधलं. १९६७ साली त्यांनी असा सिद्धान्त मांडला, की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच अधिक जागा असतो, म्हणून बाहेरचा थोडा गलबलाही त्याला पुरेसा होतो. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकले तर अंतर्मुख माणसांना सरासरीने जास्त लाळ सुटते, असंही त्या काळातल्या प्रयोगांत दिसून आलं. आयसेंकच्या सिद्धान्ताच्या तपशिलांवर पुढे बरेच वाद झाले. पण लग्नाच्या मांडवात दोन तास काढल्यावर एकाला आणखी उत्साह का येतो आणि दुसऱ्याला मोकळ्या हवेत का जावंसं वाटतं, हे समजून घ्यायला तो आजही उपयोगी पडतो.

हार्वर्ड विद्यापीठात जेरोम केगन यांनी १९८९ मध्ये चार महिन्यांच्या बाळांचा अभ्यास हाती घेतला. बाळांपुढे रंगीत खेळणी हलवली, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले, नाकाशी उग्र वास नेला. साधारण पाचातलं एक बाळ जोराने हातपाय झाडून रडायचं. वाटेल, की हीच मुलं पुढे दांडगी होणार. पाहणीत उलटं दिसलं. मोठेपणी सावध आणि शांत होण्याची शक्यता या मुलांमध्येच अधिक होती. जग त्यांच्यापर्यंत जास्त तीव्रतेने पोचत होतं, म्हणून ती ते जपून आत घेत होती. आपल्या घरातला गप्प मुलगा थंड आहे, त्याला काही वाटत नाही, असं समजणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावं. केगन यांनी हेही सांगितलं, की जन्मजात कल म्हणजे विधिलिखित नव्हे. घर, शाळा आणि स्वतःचे प्रयत्न त्यातून वेगवेगळी माणसं घडवतात.

इथे एक भेद नीट करायला हवा, कारण त्याच्या गोंधळातून फार मुलांचं नुकसान होतं. लाजाळूपणा म्हणजे लोक काय म्हणतील याची भीती. अंतर्मुखता म्हणजे कमी गलबल्यात, थोड्या माणसांत आणि एकांतात मन फुलणं. भीती त्रास देते आणि ती कमी करता येते, करायलाही हवी. एकांताची गरज हा आजार नाही, त्यावर उपचार करायचे नसतात. पुष्कळदा दोन्ही एकाच माणसात एकत्र सापडतात आणि भीतीबरोबर आपण स्वभावही उपटून टाकायला निघतो.

हा भेद एकाच आयुष्यात उघड दिसावा, असं उदाहरण मोहनदास गांधी यांचं आहे. लंडनला शिकत असताना ते तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. सभेत ते गप्प बसत. एकदा डॉ. अ‍ॅलिन्सन नावाच्या सभासदाला त्याच्या संततिनियमनाच्या मतांवरून काढून टाकायचा प्रश्न आला. गांधींना त्या मतांशी सहमती नव्हती. पण एखाद्याची नीतिविषयक मतं वेगळी आहेत म्हणून त्याला शाकाहाराच्या मंडळातून घालवणं अन्यायाचं आहे, असं त्यांना ठामपणे वाटलं. त्यांनी आपलं म्हणणं कागदावर लिहून नेलं. सभेत मात्र ते वाचायचा धीर होईना. अखेर दुसऱ्याने ते वाचून दाखवलं. अ‍ॅलिन्सन यांची बाजू हरली. मुंबईत वकिली सुरू केल्यावर स्मॉल कॉजेस कोर्टात त्यांचा पहिला खटला मामीबाईचा. साक्षीदाराची उलटतपासणी करायला उभे राहिले, डोकं गरगरलं, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि घेतलेली ३० रुपये फी परत करून तिथून निघून गेले.

या दोन प्रसंगांवरून निकाल द्यायचा असता तर आपल्या आजच्या मुलाखत मंडळांनी काय दिला असता? पण पुढे पाहा. ते राजकोटला गेले आणि लोकांचे अर्ज-विनंत्या लिहून देण्याच्या कामात त्यांचा जम बसला. लिहिण्यात त्यांची बुद्धी मोकळेपणाने चालत होती, कारण तिथे विचाराला हवा तेवढा वेळ मिळत होता. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला पोचल्यावर त्यांनी तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांची सभा बोलावली आणि आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण केलं. विषय होता व्यापारातला खरेपणा. ते चांगली तयारी करून गेले होते आणि बोलायचं ते त्यांच्या मनाशी पक्कं झालेलं होतं. ज्या खटल्यासाठी ते आफ्रिकेत गेले होते, तोही त्यांनी कोर्टातल्या झुंजीने जिंकला नाही. कागदपत्रांचा बारकाईने अभ्यास करून, दोन्ही पक्षांची समजूत घालून तो लवादाकडे नेला आणि मिटवला. पुढे आत्मचरित्रात त्यांनी आपल्या संकोचाला नुकसान मानलं नाही. शब्द जपून वापरायला त्यानेच शिकवलं, असं नोंदवलं.

आणि मग सोमवारचं मौन. लाखोंच्या सभेत बोलणारा हा माणूस आठवड्यातला एक दिवस न बोलता काढत असे. काही सांगायचं असलं तर चिठ्ठीवर लिहून देत असे. लंडनच्या सभेत भीतीमुळे घडलेलं मौन आणि सोमवारी स्वतःहून पाळलेलं मौन यांत फरक आहे. भीती गेली, एकांताची गरज मात्र तशीच राहिली, आणि त्यांनी ती राजकारणाच्या धबडग्यातही सांभाळली. आपल्या मुलांसाठी आपण एवढंच मागावं. त्यांची भीती जावी, स्वभाव राहावा.

आता बोलण्याआधीच्या वेळाकडे येतो. माणसं गप्पा मारताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? जगातल्या १० भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी अंतर निघालं सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. पापणी लवेपर्यंत पुढचा माणूस सुरू झालेला असतो. आता ज्याला उत्तर देण्याआधी दोन-तीन सेकंद लागतात त्याची या खेळात काय गत होत असेल ते पाहा. त्याचं वाक्य तयार होईपर्यंत विषय दोनदा बदललेला असतो. लोक म्हणतात त्याला काही बोलायचंच नव्हतं. त्याला बोलायचं होतं; त्याच्यापर्यंत पाळी आलीच नाही.

शाळेतही हेच घडतं. अमेरिकेतल्या विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादं सेकंद थांबत आणि उत्तर आलं नाही की दुसऱ्या मुलाकडे वळत. रो यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. बदल केला तो एवढाच. उत्तरं लांब आणि नेमकी येऊ लागली, ‘माहीत नाही’ म्हणणारी मुलं कमी झाली आणि ज्यांना मंद समजलं जात होतं ती मुलं बोलू लागली. पुस्तक तेच, फळा तोच, पगारही तोच. दोन सेकंद वाढली. माझ्या शिक्षक मित्रांना मी कळकळीने विनंती करतो, उद्या वर्गात प्रश्न विचाराल तेव्हा मनातल्या मनात तीन अंक मोजा आणि मगच कुणाचं तरी नाव घ्या. कुणाचं ऐकायचं राहून जात होतं, ते आठवडाभरात कळेल.

कचेऱ्यांमध्ये तर गेल्या शतकाच्या मध्यापासून एक समजूत घट्ट बसली आहे, की चार माणसं एकत्र बसवून भराभर बोलायला लावलं की कल्पनांचा पाऊस पडतो. न्यूयॉर्कच्या जाहिरात व्यवसायातल्या अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी ही ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत लोकप्रिय केली. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ती तपासून पाहिली. चौघांच्या गटाने मिळून काढलेल्या कल्पना एकीकडे, आणि तेवढ्याच वेळात चार जणांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पनांची बेरीज दुसरीकडे. वेगळं बसलेल्यांच्या कल्पना जवळपास दुप्पट भरल्या. पुढे १९८७ मध्ये जर्मनीतल्या डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं. गटात एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे पाळीची वाट पाहतात आणि वाट पाहता पाहता सुचलेलं विसरतात किंवा सुचायचं थांबतं. म्हणजे गलबल्यात केवळ अंतर्मुखाचंच नुकसान होतं असं नाही. तिथे सगळ्यांचाच विचार अडतो. अंतर्मुखाला ते लवकर जाणवतं, एवढंच.

यावरचे उपाय महाग नाहीत. अ‍ॅमेझॉन कंपनीत २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट बंद झालं. त्याऐवजी विषय मांडणाऱ्याने सहा पानांपर्यंतचं टिपण सलग गद्यात लिहून आणायचं, आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते गप्प बसून वाचायचं. चर्चा त्यानंतर. इतक्या मोठ्या व्यवहाराला ही शांतता परवडते, तर आपल्या सहकारी बँकेच्या, शाळेच्या, सोसायटीच्या बैठकीला का परवडू नये? विषयपत्रिका दोन दिवस आधी द्या. प्रत्येकाला आधी दोन ओळी लिहून आणायला सांगा. ठराव मांडल्यावर लगेच हात वर करायला लावू नका. शेवटी एकदा नाव घेऊन विचारा, ‘तुम्हाला काय वाटतं?’ आणि विचारल्यावर थांबा.

अंतर्मुख माणसाला माणसं नकोशी असतात, हा दुसरा मोठा गैरसमज. त्यासाठी मी दोन उदाहरणं घेतो, एक इंग्लंडचं, एक आपलं.

चार्ल्स डार्विन १८४२ मध्ये लंडन सोडून केंटमधल्या डाऊन या खेड्यात राहायला गेले ते कायमचे. घरामागच्या वाळूच्या पायवाटेवर ते रोज फेऱ्या मारत आणि विचार करत. समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नकल नावाच्या जीवांवर त्यांनी आठ वर्षं घालवली. त्यांची प्रकृती नाजूक होती, समारंभांनी ती आणखी बिघडे. पण हा माणूस जगापासून तुटलेला होता का? त्यांच्या पत्रव्यवहारातली सुमारे १५,००० पत्रं आज ज्ञात आहेत, सुमारे २,००० माणसांशी झालेली. कबुतरं पाळणारे, माळी, पशुपालक, दूरच्या वसाहतींतले अधिकारी, सगळ्यांना ते बारीकसारीक प्रश्न विचारत. त्यांच्या सिद्धान्तामागे या हजारो लोकांचं निरीक्षण उभं आहे. ते डार्विनपर्यंत पोचलं ते टपालाने, डार्विनला सोसेल अशा वेगाने. १८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डला त्यावर गाजलेला वाद झाला. डार्विन तिथे नव्हते. बाजू लढवली ती थॉमस हक्सली आणि जोसेफ हूकर या मित्रांनी. हक्सलींना भर सभेत टक्कर घ्यायला आवडे. ते नसते तर सिद्धान्त इतक्या लवकर लोकांपर्यंत पोचला नसता. आणि डाऊनमधली ती शांत वर्षं नसती तर हक्सलींना लढवायला काही हाती नसतं. विचार करणारा आणि मांडणारा यांची अशी जोडी प्रत्येक चांगल्या संस्थेत असते. संस्थेने दोघांचीही नावं घ्यायला हवीत.

आपल्याकडचं उदाहरण जी. ए. कुलकर्णी यांचं. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवणारा हा लेखक सभा-संमेलनांपासून, सत्कारांपासून आयुष्यभर दूर राहिला. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यावरून वाद झाला तेव्हा त्यांनी तो परत केला. मराठी वाचकांच्या मनात त्यांची प्रतिमा गूढ, एकाकी माणसाची राहिली. पण त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड निघाले आणि वेगळाच माणूस दिसला. सुनीताबाई देशपांड्यांना, संपादकांना, लेखकमित्रांना, वाचकांना ते पानंच्या पानं लिहीत होते. पुस्तकं, चित्रं, लहानपण, जेवणाच्या आवडी, चेष्टा, सगळं त्यात आहे. सुनीताबाईंची त्यांना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या नावाने पुस्तकरूपात आली आहेत. ती वाचताना कळतं, की समोरासमोर क्वचित भेटणाऱ्या दोन माणसांत किती जवळीक असू शकते. जी. ए. लोकांना टाळत नव्हते. एका वेळी एकच माणूस, आणि त्याला पुरतं लक्ष, अशी त्यांची रीत होती. मैत्रीची ही रीत गप्पांच्या फडाइतकीच खरी आहे.

म्हणून अंतर्मुख तरुणांना मी सांगेन, आपल्याला सोसेल ती रीत शोधा. कुणाला लिहिणं जमतं, कुणाला दोघांतलं बोलणं, कुणाला हाताने काहीतरी करून दाखवणं. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाटच्या जंगलांत वर्षानुवर्षं काढली. पक्ष्यांकडे पाहिलं, आदिवासींकडून त्यांची नावं आणि सवयी जाणून घेतल्या आणि मराठीला अरण्याची भाषा दिली. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद या लेखकाकडे आलं, तेव्हा त्या व्यासपीठामागे रानातलं सगळं पाहणं होतं.

पण या सगळ्याला जागा लागते, आणि ती आपल्यातल्या फार थोड्यांना मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं ते आपल्या ग्रंथसंग्रहाला जागा करून. एरवी आपल्या शहरात एका खोलीत चार-पाच माणसं राहतात. तिथल्या अबोल मुलीने विचार कुठे करायचा? ज्या बाईचा दिवस स्वयंपाकघर, नोकरी आणि आलंगेलं यांत संपतो, तिला अर्धा तास दार लावून बसता येतं का? एकांताचं कौतुक करताना तो कुणाला मिळतो, हे विचारलंच पाहिजे. यावर आपल्याकडे जुनं उत्तर आहे: सार्वजनिक वाचनालय. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. १९६७ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत भरलेल्या खुर्च्या पाहिल्या की शांत जागेची भूक केवढी आहे ते कळतं. गावाने वाचनालयाचं अनुदान मागताना ही गोष्ट ठणकावून सांगावी. शांत बसायला जागा देणं, हेही सार्वजनिक काम आहे. आणि घरात, घर कितीही लहान असो, प्रत्येकाला दिवसातला थोडा वेळ असा मिळावा की कुणी हाक मारणार नाही, आईलाही.

आता थोडं कठोर बोलतो, आणि ते अंतर्मुख श्रोत्यांशी. स्वभावाचा आधार घेऊन जबाबदारी टाळता येणार नाही. अ‍ॅलिन्सन यांच्या सभेत गांधींचा कागद दुसऱ्याने वाचला, हे खरं. पण कागद लिहिला गेला होता, हेही तितकंच खरं. समोर अन्याय होत असताना, चुकीचा हिशेब मंजूर होत असताना, सहकाऱ्याचं श्रेय दुसरा घेत असताना जो गप्प बसतो त्याचं मौन चूक करणाऱ्याच्या बाजूला धरलं जातं. बोलता येत नसेल तर लिहा, लिहून पुरत नसेल तर जो बोलेल त्याच्या शेजारी उभे राहा. तुम्ही विचार केलेला आहे. तो मांडला गेला नाही तर तुमच्या विचार करण्याचा इतरांना काही उपयोग नाही.

व्यवहारातल्या काही गोष्टी सांगतो. बैठकीला जाण्याआधी आपला मुद्दा दोन वाक्यांत लिहून न्या आणि पहिल्या पाच-दहा मिनिटांत एकदा तरी बोला. मग पुढचं बोलणं सोपं जातं. उत्तर लगेच सुचत नसेल तर ‘मी विचार करून उद्या सकाळी सांगतो’ असं ठाम आवाजात सांगा, आणि सकाळी खरोखर सांगा. असा माणूस दोन-तीनदा शब्दाला जागला की लोक त्याच्या उत्तरासाठी थांबायला शिकतात. जे काम तुम्ही केलं ते लिखित स्वरूपात वरिष्ठांपर्यंत पोचेल याची काळजी घ्या; त्यात बढाई नाही, ती नोंद आहे. व्याख्यान, मुलाखत, लग्नसमारंभ असा गर्दीचा दिवस असेल तर त्यानंतरचा वेळ मोकळा ठेवा आणि त्याबद्दल कुणाची क्षमा मागू नका. आणि एक तरी बोलका मित्र जोडा. त्याच्याकडून धिटाई घ्या, त्याला आपलं लक्षपूर्वक ऐकणं द्या.

ऐकणं, हा शब्द शेवटी आला याचं कारण, माझ्या मते अंतर्मुख माणसाची समाजाला सर्वांत मोठी देणगी तीच आहे. आज मोबाइलवर प्रत्येकाला मत द्यायची घाई आहे. बातमी पुरती वाचण्याआधी प्रतिक्रिया निघून जाते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नाही. डॉक्टर, शिक्षक, वकील, न्यायाधीश, तलाठी, परिचारिका, पत्रकार या सगळ्यांच्या कामाचा निम्मा भाग समोरच्याचं ऐकून घेण्याचा आहे. ज्यांना थांबून ऐकता येतं आणि ऐकलेल्याचा विचार करता येतो, अशा माणसांची या व्यवसायांना गरज आहे. म्हणून करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यांत अबोल मुलांना ‘तुम्हाला बोलायला जमत नाही, तुम्ही कॉम्प्युटरपुढे बसा’ असं सांगणं थांबवा. त्यांना रुग्णाच्या उशाशी, वर्गात, कोर्टात, ग्रामसभेत जाऊ द्या.

श्रोतेहो, इथून घरी गेल्यावर प्रत्येकाने एक काम करावं अशी माझी विनंती आहे. आपल्या घरात, वर्गात किंवा कचेरीत जो सर्वांत कमी बोलतो त्याला एक खराखुरा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला हवं आहे असा. मग त्याला वेळ द्या. उत्तर आत्ता नाही आलं तर उद्या ऐका, लिहून दिलं तर वाचा. आणि जे स्वतःला अंतर्मुख समजतात त्यांना माझं सांगणं असं, की तुम्ही अर्धवट घडलेली बोलकी माणसं नाही. तुम्हाला जे दिसलं आहे ते नीट तयार करा, आपल्या रीतीने मांडा, आणि तुमचं नाव घेऊन विचारलं जाईल तेव्हा उभे राहून सांगा. या समाजाला त्याची गरज आहे.